राजाचे गुडघे

चित्रकलेशी माझा संबंध सहीपुरता. चेकवरची सही आणि आमच्याकडची नमुना सही समोरासमोर धरायच्या, शेपट्या जुळल्या की चेक पुढे सरकवायचा, हे काम मी वीस वर्षांहून अधिक काळ करतो आहे. तेव्हा पुढे जी कलासमीक्षा येणार आहे ती एका बी. कॉम. झालेल्या क्लार्कने केलेली आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं. खऱ्या समीक्षकाला चित्रात अवकाश दिसतो, आशय दिसतो. मला फक्त काय जुळत नाही तेवढं दिसतं.

चित्र आहे इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज याचं. काढलं सर डेव्हिड विल्की या स्कॉटिश चित्रकाराने, १८२९ साली. स्कॉटलंडात एडिंबरा शहरी होलीरूड नावाचा राजवाडा आहे, तिथं मी ते पाहिलं. चांगल्या पुरुषभर उंचीच्या चित्रात राजेसाहेब किल्ट नेसून उभे आहेत. आणि सांगायला संकोच वाटतो, पण चित्रासमोर अस्मादिकही किल्ट नेसूनच उभे होते. समीक्षकाला विषयाचा स्वानुभव असावा म्हणतात. इतका फारसा कोणाला नसेल.

त्याचं असं झालं. माझ्या ताईचा मुलगा एडिंबऱ्यात नोकरीला. त्याने तिथलीच मुलगी पसंत केली. नवरदेवाचा मामा म्हणून मला तिकीट आलं, आणि तिकिटाच्या पाठोपाठ भाचेबुवांचा फोन आला.

"मामा, एकच अट आहे. आपल्याकडच्या सगळ्या पुरुषांनी किल्ट घालायचा. तिच्या बाबांची फार इच्छा आहे."

दाजी लगेच तयार झाले, कारण दाजींना ताईने आधीच तयार करून ठेवलं होतं. मी मात्र आठवडाभर झोपलो नाही. बँकेत कळलं तर काय, हा पहिला प्रश्न. आणि बँकेत कळणारच, हे त्याचं उत्तर.

लग्नाच्या दोन दिवस आधी आम्ही किल्ट भाड्याने देणाऱ्या दुकानात गेलो. तिथल्या माणसाने माझी कंबर बेंबीपाशी मोजली. पँटची कंबर आपण ढेरीच्या खाली धरतो, किल्टची वर. त्यामुळे जो आकडा मी गेली दहा वर्षं घरात दाबून ठेवला होता, तो त्या भल्या माणसाने चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवला. किल्टची लांबी गुडघ्याच्या मध्यापर्यंत. बरोबर लोकरीचे जाड पायमोजे, पोटऱ्यांपर्यंत नाड्या गुंडाळायचे बूट, कमरेला पुढे लोंबणारी कातडी पिशवी (तिला स्पोरान म्हणतात) आणि उजव्या पायमोज्यात खोचायची एक चिमुकली सुरी. सौभाग्यवती सगळं निरखून पाहत होती. तिने विचारलं,

"किती कापड लागतं हो याला?"

"पुऱ्या किल्टला आठ वार."

"म्हणजे नऊवारीला एक वार कमीच की!" ती म्हणाली. त्या क्षणापासून मुंबईच्या विमानतळावर उतरेपर्यंत ती त्याला आठवारीच म्हणत होती.

लग्नाच्या सकाळी मी खोलीचं दार लावून आठवारी नेसलो. नेसलो आणि आरशात पाहिलं तर काहीतरी चुकल्यासारखं वाटेना, हीच खरी चूक होती. आमच्या आईची नऊवारी घ्या, तात्यांचं धोतर घ्या, निऱ्या पुढे. मीही निऱ्या पुढे घेतल्या. हॉटेलच्या खालच्या मजल्यावर भाच्याचे होणारे सासरे उभे होते. त्यांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, काही न बोलता माझे दोन्ही खांदे धरले, बाजूला नेलं आणि पट्टे सोडून किल्ट कमरेभोवती अर्धा फिरवला. किल्टच्या निऱ्या मागे आणि सपाट पदर पुढे. हे काम त्यांनी इतक्या गंभीरपणे केलं की मुंजीत बटूला लंगोट लावणाऱ्या गुरुजींची मला आठवण झाली.

आता तुमच्या मनात जो प्रश्न आहे तो सगळ्या जगाच्याच मनात असतो, तेव्हा तो उरकून टाकतो. किल्टच्या आत काय? या प्रश्नावर १९६८ साली 'कॅरी ऑन... अप द खैबर' हा अख्खा इंग्रजी सिनेमा निघाला. किल्टवाल्या पलटणीचा दरारा एवढ्यासाठी, की ते आत काही घालत नाहीत. एक शिपाई चड्डी घातलेला सापडतो आणि साम्राज्याचा पाया हलतो. सिनेमातली खैबर खिंड वेल्समधल्या डोंगरात उभी केली होती, पण चड्डी खरी होती. माझ्यापुरतं सांगायचं तर पुण्याहून नेलेली कातडीच्या रंगाची लोकरी विजार मी मांडीपर्यंत गुंडाळून आत घातली होती. साम्राज्य आधीच गेलेलं असल्यामुळे कोणाचं काही नुकसान झालं नाही.

मग आम्ही रस्त्यावर आलो. मी मनाची तयारी करून निघालो होतो. हसतील, बोटं दाखवतील, पोरं मागे लागतील. वाचकहो, कोणीही पाहिलं नाही! एडिंबऱ्यात लग्नसराईत किल्ट म्हणजे आपल्याकडे सदरा-लेंगा. बसच्या ड्रायव्हरने माझ्या गुडघ्यांकडे न पाहता तिकिटाकडे पाहिलं. स्टॉपवर एक आजीबाई म्हणाल्या, आज वारा गार आहे. मी म्हटलं, हो ना, मला तर जास्तच कळतंय. त्यावर त्या हसल्या, पण ते वाऱ्याला हसल्या. चाळीस वर्षं झाकून ठेवलेले गुडघे मी मोठ्या धीराने जगापुढे आणले आणि जगाने त्यांची पोचसुद्धा दिली नाही.

लग्न उत्तम झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. उत्तम झालेल्या गोष्टींवर कोणी लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी रविवार. सौभाग्यवती आणि ताई बाजारात गेल्या. किल्टचं भाडं सोमवारपर्यंतचं भरलेलं होतं. सोमवारपर्यंतचे पैसे दिलेली वस्तू शनिवारी रात्री पिशवीत घालून ठेवायची, हे आमच्या शिक्षणात बसत नाही. तेव्हा मी पुन्हा आठवारी नेसून, या वेळी निऱ्या मागे घेऊन, होलीरूडचा राजवाडा पाहायला गेलो. अशा रीतीने राजेसाहेबांची आणि माझी समोरासमोर गाठ पडली.

गोष्ट १८२२ सालच्या ऑगस्टमधली. पावणेदोनशे वर्षांच्या आसपास झाली, गादीवरचा राजा स्कॉटलंडात फिरकला नव्हता. तेव्हा या भेटीचा थाट करायचं काम कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांच्याकडे आलं. कादंबरीकाराच्या हाती व्यवस्था दिली की जे होतं तेच झालं. ज्या सभ्य शहरी मंडळींनी जन्मात किल्ट नेसला नव्हता, ज्यांच्या आज्या डोंगराळ मुलखातल्या किल्टवाल्याला पाहून दार लावून घेत, त्यांना स्कॉटसाहेबांनी डोंगरी वेषात उभं केलं. राजाने नुकतीच साठी ओलांडलेली, अंगाने चांगलाच भरलेला. १७ ऑगस्टला होलीरूडच्या दरबारात तोही किल्ट नेसून आला. एडिंबऱ्याच्या शिंप्याचं बिल झालं १,३५४ पौंड १८ शिलिंग. हा आकडा वाचून राजाविषयी माझ्या मनात प्रथमच आदर निर्माण झाला, कारण त्यात शिलिंग दिलेले आहेत. माझं भाडं मी इथं सांगत नाही. राजाशी बरोबरी करणं बरं दिसत नाही.

किल्ट जरा आखूड झाला होता. सुजऱ्या पायांवर लोक हसतील म्हणून राजाने आत कातडीच्या रंगाची गुलाबी तंग तुमान चढवली होती. दरबारात ती सगळ्यांनी पाहिली. एका बाईसाहेबांनी तर म्हटलं म्हणे, की राजेसाहेबांचा मुक्काम इतका थोडा, तेव्हा जितके जास्त दिसतील तितकं बरंच!

आता चित्राकडे वळतो. चित्रात प्रकाश अशा बेताने पाडलाय की किल्टचा भडकपणा कमी वाटावा. पोट आहे, पण ते पोटासारखं नाही, प्रतिष्ठेसारखं आहे. आणि गुडघे उघडे. चक्क उघडे! गुलाबी तुमान कुठेच नाही. बिल जागेवर, तारीख जागेवर, आणि एक व्हाउचर गायब. बँकेच्या ऑडिटमध्ये हे चित्र पास झालं नसतं.

विल्की थोर चित्रकार होता यात वाद नाही. रेशमी फिती, तलवारीची मूठ, सगळं हात लावून पाहावंसं वाटतं. पण माझी तक्रार अशी की त्याने चित्रातली एकुलती एक माणसासारखी गोष्ट पुसून टाकली. परक्या मुलखात, परक्यांच्या वेषात, साठ वर्षांचा एक जाडा माणूस उभा आहे. त्याला आपल्या पायांची लाज वाटते, तरी तो नेसून आलाय. ती तुमान चित्रात असती तर मी तिथल्या तिथे त्याला नमस्कार केला असता. माझीही विजार त्या वेळी मांडीपाशी गुंडाळलेली होती. आम्ही एकमेकांना ओळखलं असतं. विल्कीने ओळख होऊ दिली नाही. त्याने राजा काढला, नेसणारा काढला नाही.

त्याच दौऱ्यात किल्ट नेसून आलेला आणखी एक लठ्ठ माणूस होता, आणि तो आमच्या धंद्यातला निघाला याचा मला अभिमान आहे. सर विल्यम कर्टिस. लंडनचा बँकर, एके काळी तिथला लॉर्ड मेयर, वय सत्तर. घराण्याचा मूळ धंदा खलाशांसाठी बिस्किटं भाजायचा, म्हणून लोक त्याला बिली बिस्किट म्हणत. हाही हौसेने नटूनथटून आला, पायमोज्यात सुरी खोचून. तेव्हा कोणीतरी त्याला म्हणालं म्हणतात, सगळं झालं, पायमोज्यात चमचा तेवढा राहिला! लंडनला जॉर्ज क्रुकशँकसारख्या व्यंगचित्रकारांनी त्याची अशी काही चित्रं काढली की दुकानांच्या काचांपुढे गर्दी झाली.

म्हणजे बघा. कापड तेच, जाडी तीच, हौसही तीच. राजाचं तैलचित्र झालं आणि बँकरचं व्यंगचित्र. लोक कपड्याला हसतात असं आपण समजतो. लोक आधी आत कोण आहे ते बघतात, मग हसायचं की मुजरा करायचा ते ठरवतात.

हे काही १८२२ सालीच झालं असं नाही. मूळचा किल्ट शिवलेलाही नसे. लांबलचक लोकरी पट, हाताने निऱ्या घालायच्या, कमरेला पट्टा आवळायचा, उरलेला भाग खांद्यावर टाकायचा. म्हणजे धोतर-उपरणं एकाच कापडात. डोंगरातले गरीब लोक दिवसा तो नेसत आणि रात्री तोच पांघरून झोपत. १७४५ साली या मुलखातून बंड उठलं आणि दुसऱ्या वर्षी मोडलं. लगोलग सरकारने कायदा केला. किल्ट नेसलेला सापडला तर सहा महिने तुरुंग, दुसऱ्यांदा सापडला तर सात वर्षं समुद्रापार हद्दपारी. सूट फक्त राजाच्या फौजेतल्या शिपायांना. तोच कपडा शिपायाच्या अंगावर गणवेष आणि त्याच्या भावाच्या अंगावर गुन्हा! १७८२ साली कायदा रद्द झाला, आणि पुऱ्या चाळीस वर्षांनी राजानेच तो नेसला. तोवर नेसण्यासाठी तुरुंगात गेलेले मरून गेले होते. त्यांचं तैलचित्र कोणी काढलं नाही.

असे थोर विचार करीत मी राजवाड्यातून बाहेर पडलो आणि किल्ल्याकडे जाणारा चढाचा रस्ता धरला. थोडं वर गेलो असेन, तोच कानावर मराठी शब्द आले.

"अगं ते बघ, ते बघ! आपल्याकडचा दिसतोय. इथं आला आणि परकर नेसला!"

मागे एक कुटुंब होतं. गृहस्थ माझ्याच वयाचे, अर्ध्या पँटीत, डोक्याला कानटोपी. बरोबर पत्नी आणि बारा-तेरा वर्षांचा मुलगा. गृहस्थांचे गुडघेही माझ्याइतकेच उघडे होते. फरक एवढाच, की त्यांच्या दोन पायांच्या मध्ये शिवण होती.

"हळू बोला ना, ऐकेल तो," पत्नी म्हणाली.

"ऐकू दे. त्याला कुठलं मराठी कळतंय! साउथचा असणार." आणि मग जरा थांबून, "गावाकडं याचा बाप असेल. त्याने बघितलं तर काय वाटेल बिचाऱ्याला?"

मुलगा म्हणाला, "बाबा, तो आपल्याकडे बघतोय."

माझ्या तोंडाशी शब्द आले होते, 'मी पुण्याचाच.' एवढे दोनच शब्द. पण मुलगा मान खाली घालून बापापासून दोन पावलं बाजूला सरकला होता, ते मी पाहिलं. मी बोललो असतो तर त्या गृहस्थांची पोराच्या देखत जी पंचाईत झाली असती, ती तिघांना सहलभर पुरली असती. ते पुढे आले आणि इंग्रजीत म्हणाले, "वन फोटो, प्लीज?" मी इंग्रजीत म्हणालो, "शुअर." मुलाच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिलो, फोटो झाला, थँक्यू झालं, वेलकम झालं. ते पुढे गेले. मी मात्र तिथल्या एका पायरीवर, मागच्या निऱ्या हाताने सारख्या करून, बसलो.

कारण मला तात्या आठवले.

२००३ सालची गोष्ट. मी नुकता बँकेत लागलो होतो. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून तात्या अचानक आले. धोतर, सदरा, टोपी, हातात पिशवी. पोरगा कुठल्या खुर्चीवर बसतो ते बघायला आले होते. मी काउंटरवर होतो. शेजारच्या सहकाऱ्याने कोपराने ढोसून विचारलं, "कोण रे हे?" मी म्हणालो, "गावाकडचे आहेत. ओळखीचे."

तात्या दोन हातांवर होते. त्यांनी ऐकलं. ते काउंटरपाशी आले, तिथली पैसे काढायची एक स्लिप घेतली, माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "साहेब, येवढी सलिप भरून द्या. चष्मा इसरलोय."

चष्मा त्यांच्या खिशातून अर्धा बाहेर दिसत होता. त्या बँकेत त्यांचं खातंही नव्हतं. मी स्लिप पुढे ओढली आणि, सवयीने म्हणा की नाटक पुरं करायचं म्हणून म्हणा, विचारलं, "नाव?"

तात्यांनी नाव सांगितलं. सावकाश, पूर्ण. मी लिहून घेतलं. माझ्या टेबलावरच्या पाटीवर, माझं नाव आणि आडनाव यांच्या मध्ये, तेच नाव होतं. तात्यांनी स्लिपची घडी केली, खिशात ठेवली, "पैसं उद्या काढतो" म्हणाले आणि गेले. पिशवीतले लाडू संध्याकाळी माझ्या खोलीवर मिळाले. त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही.

इतकी वर्षं मी समजत होतो की तात्यांनी मला टोमणा मारला. बँकेच्या भाषेत ती नोंद सस्पेन्स खात्यात पडून होती. कुठल्या बाजूला टाकायची ते कळत नव्हतं. एडिंबऱ्याच्या त्या पायरीवर बसल्यावर कळलं, की टोमणा नव्हताच. पोराची चारचौघांत पंचाईत होऊ नये म्हणून ते परके झाले होते.

सोमवारी किल्ट परत करायचा होता. सकाळी मी तो पुन्हा नेसलो आणि गावी तात्यांना व्हिडिओ कॉल लावला. तात्यांनी फोन आधी लांब धरला, मग जवळ धरला.

"जरा वळ," म्हणाले. मी वळलो.

"निऱ्या मागं घेतल्यात व्हय?"

"हो. इथं तशीच पद्धत आहे."

"मग बसताना चुरगळत असत्याल."

"हाताने सारख्या करून बसायचं."

"आन् ही पुढं काय, चंची?"

"चंचीच."

"कासोटा न्हाई?"

"नाही."

"मग वारं लागत असंल."

किल्टची एवढी नेमकी समीक्षा मी कुठेच ऐकलेली नाही. हसणं नाही, वाखाणणं नाही. एका नेसणाऱ्याने दुसऱ्या नेसणाऱ्याला विचारलेले चार प्रश्न. विल्कीला हे जमलं नाही, क्रुकशँकला जमलं नाही, आणि कानटोपीवाल्या गृहस्थांनी तर प्रयत्नच केला नाही.

मी म्हणालो, "तात्या, आता पुण्याला याल तेव्हा बँकेत या. मी कुठं बसतो ते सगळ्यांना... म्हणजे तुम्हाला दाखवतो."

पलीकडून थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज आला.

"यीन की," तात्या म्हणाले. "सलिप भरून देशील न्हवं?"

"देईन," मी म्हणालो. "नाव न विचारता."